बाणांची बटणं

चिखलीतल्या त्या शाळेत संगणकाची एक खोली होती, आणि खोलीच्या दारावर पाटी होती: चपला बाहेर काढा. पाटी सादिकाने लावलेली नव्हती. तिच्या आधीच्या कुणा बाईंची ती. धुळीने कॉम्प्युटर बिघडतो, ही त्या काळातली समजूत. आता सगळी चिखलीच धुळीत बसली होती. डंपर जायचे, नव्या इमारतींचे सांगाडे वाढायचे, वर्कशॉपमधून लोखंडाचा कीस उडायचा. तरी मुलं चपला काढून, आवाज खाली आणून, देवळात शिरावं तशी आत यायची. सादिकाला ते बघत राहावंसं वाटे. कुठल्यातरी दारातून आत येताना माणसं अजून वाकतात, एवढंच त्यात होतं. पण तेवढंही दुसरीकडे कुठे दिसत नव्हतं.

ती मूळची थेरगावची. डांगे चौकाच्या मागे नवाब मिस्त्रींचं गॅरेज होतं, त्यांची ही धाकटी. ताथवड्याच्या कॉलेजात तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. शेवटच्या वर्षी तिने पडद्यावर चालणारा एक खेळ बनवला. साधाच. वरून नट-बोल्ट पडायचे आणि खाली डबा सरकवून ते झेलायचे. प्रदर्शनाच्या दिवशी नवाब मिस्त्री रॉकेलने हात धुऊन, त्यावर साबण लावून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजच्या फाटकावर पोचले. वॉचमनने विचारलं, "डिलिव्हरी का?" त्यांनी हो म्हणून टाकलं असावं. त्याने त्यांना मागच्या बाजूला पाठवलं. सादिकाला ते कँटीनच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले तेव्हा लॅबला कुलूप लागलं होतं. "छान झालं ना तुझं?" एवढंच त्यांनी विचारलं. पुढे काही वर्षांनी ते वारले. खेळ कुठल्या कॉम्प्युटरमध्ये राहिला, तो कॉम्प्युटर कुठल्या भंगारात गेला, कुणास ठाऊक.

आयटीतली नोकरी मिळाली नाही. लग्न झालं. शहेबाजचं चिखलीत दुचाकींचं गॅरेज होतं. माणूस चांगला. सादिका शाळेत तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे तास घेतला तर शिक्षिका, नाहीतर कुणीच नाही. बघता बघता केस कानाजवळ पांढरे झाले.

यंदा जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी तिला बोलावलं. मारुतराव हे अध्यक्ष. शाळा त्यांच्या वडिलांच्या ज्वारीच्या शेतावर उभी होती. आजूबाजूच्या शेतांवर सोसायट्या उभ्या होत्या आणि त्याही त्यांच्याच हातून उठल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. जागा रिकामी दिसली की त्याला झोप येत नसे, इतकंच.

"म्याडम, एक क्लासवाला आलाय. सातवी-आठवीच्या पोरांची इंजिनेरिंगची तयारी आत्तापासनंच करून घेतो म्हनतो. त्याला तुमची खोली पायजे."

"सर, मग कॉम्प्युटर?"

"आमी काय कॉम्प्युटरच्या इरोधात न्हाई. पन पालक इचारत्यात, पोरगं ह्यातनं शिकलं काय? चित्र रंगवतंय म्हनं. घरी भिंती रंगवत्यात तेवढं बास न्हाई व्हय?"

"मी यंदा मुलांना गेम बनवायला शिकवते. खेळायला नाही, बनवायला. बनवलेलं दाखवते."

"मला नगा दावू. मला त्यातलं काय कळतंय? पालकांना दावा. दिवाळीआधी दावा. बापलोक म्हनले ऱ्हाऊ द्या, तर ऱ्हाईल खोली. शबूद हाय माझा."

तो शब्द घेऊन ती बाहेर आली. शब्द देणाऱ्याला काही पडत नाही, घेणाऱ्याला मात्र उचलून चालावं लागतं.

मग सुरू झाला शोध. मुलं सातवीची. बोटं कीबोर्डवर नवी, इंग्रजी कच्चं. कॉम्प्युटर जुने, कुणा कंपनीने नवे घेताना देऊन टाकलेले. शाळा सुटल्यावर सादिका एकेक सॉफ्टवेअर लावून बघू लागली. एका प्रकारात सगळं टाइप करावं लागे. एक ठिपका चुकला की पडदाभर लाल अक्षरं. तिच्या डोळ्यांसमोर मुलांचे चेहरे आले आणि तिने ते बंद केलं. दुसऱ्यात डोंगर, ढग, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब, सगळं खऱ्यासारखं. ते उघडताच कॉम्प्युटरचा पंखा घाटात चढणाऱ्या ट्रकसारखा घोंघावला आणि पडदा काळा झाला. जवळच्या खुर्चीत शेखर सर वह्या तपासत बसले होते. विज्ञानाचे शिक्षक, पंखा चालू असलेली खोली म्हणून ते तिथे बसत.

"गेला का?" ते म्हणाले.

"दमला."

"आपल्यासारखाच आहे. वेतनश्रेणी विचारा त्याला."

शेवटी दोन उरली. दोन्ही ठोकळ्यांची. लिहायचं काही नाही. 'पुढे चाल', 'उडी मार', 'धडकलास तर थांब' असे रंगीत ठोकळे मराठीतच, आणि एकाखाली एक जोडत गेलं की पडद्यावरचं चित्र तसं वागायला लागायचं. त्यातलं एक कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायचं. नेट लागत नसे, पण खेळ त्या कॉम्प्युटरमध्येच राहायचा. दुसरं नेटवर चालायचं. नेट नसेल तर काहीच नाही, पण प्रत्येक खेळाला आपला पत्ता मिळायचा. ती लिंक कुणालाही पाठवा, जगात कुठेही उघडेल. आतले ठोकळे मात्र ज्याचं खातं त्यालाच हलवता येत. खातं शाळेच्या ईमेलवर काढावं लागणार होतं.

"पहिलं घ्या," शेखर सर वहीतून मान वर न करता म्हणाले. "आपल्याकडचं नेट म्हणजे पाहुणा. आला तर आला."

"पण सर, पहिल्यातला खेळ बघायला इथे यावं लागतं."

"मग येतील."

"कोण येणार? तुमच्या वर्गाच्या पालकसभेला किती बाप आले होते?"

शेखर सरांनी पुढची वही ओढली. बाप येत नसत. बाप चाकणला असत. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी, आणि वर ओव्हरटाइम. कंपनीच्या बसगाड्या चौकाचौकातून माणसं उचलत आणि शिफ्ट संपली की तिथेच सोडत. मधल्या वेळात मुलं वाढत. सादिकाला नट-बोल्टचा तो डबा आठवला, कँटीनच्या पायऱ्या आठवल्या. बापाला फाटकाशी येऊन उभं राहायला लागू नये. खेळाने उठून बापाकडे जावं. चहाच्या सुट्टीत त्याने खिशातून फोन काढावा, लेकीचा खेळ खेळावा, शेजारच्याला दाखवावा.

तिने दुसरं निवडलं.

खरं सांगायचं तर निवड चुकीची म्हणता येत नव्हती. निदान गणपतीपर्यंत तरी नाही. मुलं वेडी झाली. सनीने रस्त्यातले खड्डे चुकवत दूधवाल्याला घरी पोचवायचा खेळ केला आणि इतके खड्डे टाकले की दूधवाला हलेचना. "खरं दाखवलंय, टीचर," तो म्हणाला. सायलीचा खेळ वेगळा होता. सायली म्हणजे रोहिदास कांबळेंची मुलगी. रोहिदास लातूरकडून आलेले, चाकणला एका कंपनीत वेल्डिंगला. तिच्या खेळात एक माणूस हातात डबा घेऊन पळतो. पुढे कंपनीची बस. उजव्या बाणाचं बटण दाबलं की माणूस पळणार, वरच्या बाणाचं दाबलं की गटारावरून उडी मारणार. उशीर झाला की पडद्यावर येई, 'गाडी गेली', आणि खेळ पहिल्यापासून. बस सापडली तर खिडकी उघडायची, आतून तो माणूस हात हलवायचा आणि बस निघून जायची.

"हे हात हलवणं का टाकलंस?" सादिकाने विचारलं.

"पप्पांना जागा मिळाली की ते हलवतात. पण मी झोपलेली असते. मम्मी सांगते."

त्या दिवशी सादिकाने लिंक स्वतःच्या फोनवर घेतली आणि घरी गेल्या गेल्या शहेबाजला पाठवली. तो कार्बोरेटर साफ करत होता. त्याने करंगळीने फोन उघडला. पडद्यावर डबा घेतलेला माणूस आला, बस आली.

"खुल गया," तो म्हणाला. "अब क्या?"

"खुला ना? बस!" ती हसली. लहान मुलीसारखी हसली. त्याच्याही हाताला ग्रीस होतं, त्यामुळे त्याने पडद्याला पुढे बोट लावलं नाही. फोन पुसून फळीवर ठेवला. चूक झाली ती इथे. तिने खेळ उघडतो की नाही ते बघितलं. चालतो का, ते बघितलं नाही. शाळेत बटणं रोज तिच्या डोळ्यांसमोर होती. रोज दिसणारी वस्तू दुसरीकडे नसेल हे कुणाच्या मनात येतं?

दुसरी गोष्ट तिला पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकल्यावर कळली. कुणीच काही बोललं नाही. सायलीच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "म्याडम, यांचा फोन कंपनीच्या गेटवरच जमा करतेत. आत न्यायला बंदी हाय. फोटो काढू नये म्हणून." आणि घरी आल्यावर? "घरी आल्यावर झोपतेत."

मग तिने ठरवलं, बापांनाच बोलवायचं. आणि बाप मोकळे कधी, तर गुरुवारी. कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी. रविवारी चालू, गुरुवारी बंद, हे इथलं पंचांग. दसरा झाल्यावरचा गुरुवार तिने पक्का केला. मारुतरावांनी मान हलवली. तिने मुलांकरवी एकेका बापाला निरोप धाडला.

खंडेनवमीला कॉम्प्युटरांची पूजा झाली. इकडे ती कुणी चुकवत नाही. कारखान्यात मशीन, गॅरेजात पाने-पकडी, शाळेत कॉम्प्युटर. शिपाईणबाई रंभाने प्रत्येक पडद्याला कुंकवाचं बोट लावलं, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. मारुतरावांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा सादिकाच्या हातावर ठेवत म्हणाले, "बघू आता."

गुरुवारी सकाळी ती लवकर आली. झेंडू सुकून काळपट पडले होते, पण तोरण होतं. तिने पडद्यांवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. बाप येऊ लागले. सुट्टीच्या दिवशीचे बाप. दाढी केलेली, केस ओले, पायात स्लिपर. पाटी वाचून त्यांनी चपला बाहेर काढल्या. व्हरांड्यात चपलांचा मोठा ढीग झाला. एवढे बाप तिने एका जागी फक्त कंपनीच्या बसमध्ये बघितले होते. मारुतराव येऊन पुढच्या खुर्चीत बसले. मुलं आपापल्या कॉम्प्युटरजवळ ताठ उभी राहिली.

आणि पंखा थांबला.

आधी पंखा, मग पडदे, एका ओळीने, वाऱ्याने दिवे जावेत तसे.

"हां, गुरवार!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे बाप हसले. रागाने नाही, सवयीने. गुरुवारी कारखाने बंद, म्हणून वीजवाले त्याच दिवशी दुरुस्तीला तारा घेतात. हे इथल्या पोराटोरांना माहीत. सादिकाला माहीत नव्हतं का? जन्म इथे गेला तिचा. शहेबाज गुरुवारी कॉम्प्रेसरची कामं ठेवत नाही, हे तिनेच गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलेलं. पण गणपतीत आणि नवरात्रात दुरुस्ती बंद असते. तेवढे सगळे गुरुवार खोलीत उजेड होता, आणि त्या उजेडात ती विसरली होती. सुट्टी येते त्याच दिवशी वीज जाते. बाप असतात तेव्हा लाइट नसते, लाइट असते तेव्हा बाप नसतात. इतकी साधी गोष्ट. तिच्यासमोर ती भिंतीसारखी उभी राहिली.

"जनरेटर?" तिने रंभाकडे बघितलं.

"तो बांधकामावर नेलाय की, बाई."

"लाइट कवा येती मग?" मारुतरावांनी विचारलं.

"संध्याकाळी," तीन-चार बाप एकदम म्हणाले.

शेखर सर दारात उभे होते. त्यांचा स्वतःचा लॅपटॉप त्यांच्या पिशवीत होता, चार्ज केलेला. पहिलं सॉफ्टवेअर असतं तर खेळ त्यात भरून आणता आले असते. आता त्यात काही नव्हतं. तो नेटला जोडून बघावा, हे त्या घाईत कुणालाच सुचलं नाही. आणि तिला फोन आठवला होता.

"सगळ्यांनी फोन काढा!" ती जवळजवळ ओरडली. "ग्रुपवर लिंक आहे. खेळ फोनवर उघडतो. मी बघितलाय."

बापांनी फोन काढले. अंधुक खोलीत चेहरे खालून उजळले. नेट रखडत होतं, सगळ्या चिखलीने त्या वेळी फोनच उघडले असणार. गोल चक्र फिरत राहिलं. मग एकेक खेळ उघडू लागला. "आलं, आलं!" सनीचे वडील म्हणाले. सायली धावत बापाजवळ गेली. रोहिदासने फोन दोन्ही हातांत धरला होता, गरम काहीतरी धरावं तसा.

"हे मी हाय का?" त्याने विचारलं.

"हां. पळा ना पप्पा!"

"कसं पळू?"

"बाण दाबा. उजवा बाण."

"कुठंय बाण?"

सायलीने फोनकडे बघितलं. मग कॉम्प्युटरच्या मेलेल्या कीबोर्डकडे. मग सादिकाकडे.

फोनवर बाण नव्हते. नुसती काच होती. रोहिदासने माणसावर बोट ठेवलं, दाबलं, सरकवलं, टिचकी मारली. माणूस डबा घेऊन उभा राहिला. बस आली, थांबली, निघाली. 'गाडी गेली.' पुन्हा पहिल्यापासून. माणूस उभा, बस आली, निघाली. 'गाडी गेली.'

"अरे कांबळे, खाडा लागला तुझा!" बाजूचा एक जण म्हणाला आणि बरेच जण हसले. रोहिदासही हसला. तिसऱ्यांदा गाडी गेली तेव्हा हसू कमी झालं. चौथ्यांदा कुणी हसलं नाही. खोलीभर वेगवेगळ्या फोनांत दूधवाले, पक्षी, मोटारी जागच्या जागी उभ्या होत्या आणि वेल्डिंग-प्रेसवर काम केलेली जाड बोटं काचेवर दाबत होती. सादिका एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. "कॉम्प्युटरवर पळतो तो. बघा, इथे हे बटण असतं..." तिने बंद कीबोर्डवरचा बाण दाबूनही दाखवला. टक् असा आवाज झाला.

"छान हाय, म्याडम," रोहिदास म्हणाला. "पोरांनी मेहनत केली."

"फोनवर चालतील अशी बटणं टाकते मी यात," सादिका म्हणाली.

मारुतरावांनी चूक काढली नाही. सगळे उठेपर्यंत थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "म्याडम, तुमची तळमळ दिसली मला. पन आता ह्यांना मी काय इचारू? खोली ऱ्हाऊ द्यायची का? कशासाठी म्हनतील?"

"पुढच्या गुरुवारी, सर. एकदाच."

"पुढच्या गुरवारी लाइट ऱ्हानार हाय का? तुमी सांगा."

व्हरांड्यात बाप वाकून आपापल्या चपला शोधत होते. एकाची एक सापडत नव्हती.

सोमवारपासून सहामाही परीक्षा. मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीत क्लासवाला आला, पाटी निघाली, कॉम्प्युटर जिन्याखाली एकावर एक रचले गेले. तोरण कुणी काढलं नव्हतं, ते त्याने काढलं. शाळेचा ईमेलही कामाला हवा म्हणून त्याने घेतला आणि पासवर्ड बदलला. सादिकाला हे कळलं तेव्हा ती रंभाच्या टेबलाजवळ उभी होती. फोनवर चालणारी बटणं टाकणं अवघड नव्हतं. काचेवर दोन बाण काढायचे, त्यांना दोन ठोकळे जोडायचे. एका दुपारचं काम. पण फोनवर खेळ फक्त उघडायचा, बनवायला कॉम्प्युटर लागायचा, आणि आता खातंही गेलं. तास नाही म्हणून तिची शाळाही गेली. मुलांनी ठोकळे जोडलेले सगळे खेळ मात्र तिथेच होते, कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरमध्ये, उघडता येतील असे, बदलता येणार नाहीत असे.

हिवाळ्यात तिला चाकणच्या एका पुरवठादाराकडे काम मिळालं. माल आला-गेला कॉम्प्युटरवर चढवायचं. सकाळी ती चौकात उभी राहते. एक दिवस तिथे रोहिदास भेटला. हातात डबा, मफलर कानांवर.

"म्याडम! तुम्ही इकडं?"

"कामावर. सायली कशी आहे?"

"बरी हाय. क्लासला घातलंय. लई बोलत नाही आजकाल." त्याने जरा थांबून खिशातून फोन काढला. "मी तुमचं ते उघडतो कदी कदी. बस येस्तोवर. गेटवर जमा करायच्या आदी." त्याने पडदा तिच्यापुढे धरला. डबा घेतलेला माणूस उभा होता. बस आली, निघाली. 'गाडी गेली.' "पकडली तर पुढं काय होतंय, म्याडम? पोरगी सांगत नाही. खेळून बघा म्हणती."

सादिकाच्या तोंडावर उत्तर आलं होतं. पण ते सायलीचं होतं. सांगून टाकलं तर उरणार काय होतं?

"तुम्ही बटनं टाकणार होता ना त्यात?" रोहिदासने विचारलं.

"टाकते," सादिका म्हणाली.

"टाका. सवडीनं टाका. घाई नाही."

कंपनीची बस वळणावर दिसली. रोहिदासने फोन खिशात घातला, डबा छातीशी धरला आणि पळत सुटला. बस त्याला मिळाली. सादिका बघत राहिली, एकेक खिडकी, शेवटच्या खिडकीपर्यंत. तो दिसला नाही. पलीकडच्या बाजूला जागा मिळाली असावी.